गाडीतलं प्लास्टर

"प्लास्टर? बाबा, माझ्या गाडीच्या पत्र्यात तू प्लास्टर भरलंस?"

पेणच्या एसटी स्टँडवर शांती रोह्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर बाप-लेकाची जुंपलेली.

"तळाला भोकं पडली होती ना. कारखान्यात गणपतीची बुजवतो तशीच बुजवली. घासली, रंग मारला. आरशागत चमकते बघ."

"गणपती दहा दिवसांत पाण्यात जातो! माझी स्पोर्ट्स कार रस्त्यावर जायची होती."

"हळू बोल. लोक बघतात."

"बघू दे. चार वर्षं घरामागच्या शेडमध्ये मी तिचा एकेक नट साफ केला. तुझ्या प्लास्टरनं खाडीची ओल धरली, आतून सगळं गंजलं. हात लावला तर पापडागत तुटतंय."

"नवा पत्रा जोड ना मग."

"कशाला जोडू? खाली सांगाडाच उरला नाय. पार गेली ती."

"तू पुण्याला कंपनीत गेलास, वरीसभर फिरकला नायस. म्हटलं, गाडी तयार झाली कळलं तर पोरगा येईल."

"आलो ना. तिच्यासाठीच आलो."

शांतीनं पिशवीची चेन उगाच उघडली, परत लावली.

"प्रणित, पंधरा दिवसांची सुट्टी सांगितलेलीस. कालच तर आलास."

"मग आता थांबून काय करू इथं?"

"आयेनं चिंबोऱ्या आणल्यात रे सकाळीच. जेवून तरी जा."

"पनवेल लागली, बाबा. निघतो मी आता."