पोटातलं जर्मन नाणं

एक्स-रेच्या खोलीबाहेर मी माझ्या बाळाला घट्ट धरून बसले होते. शेजारी एक आजोबा. त्यांची लेक चिमुरडीला कडेवर घेऊन बाहेर आली.

"बाबा, नाणं पोटात उतरलंय. दोन दिवसांत आपोआप पडेल म्हणाले."

"सुटलो! आता सांगू? साधं नव्हतं गं ते. युद्धानंतरचं जर्मन नाणं, १९५० सालचं, सालाखाली टांकसाळीचं 'जी' अक्षर आणि वर देशाऐवजी जुन्या बँकेचं नाव! फार थोडी निघाली तशी."

"कळलं कधी तुम्हाला?"

"भिंगातून वाचलं, आनंदाने उडीच मारली. तेवढ्यात ते हातातून पडलं नि हिने गिळलं."

"धन्य आहे तुमची!"

"बाहेर पडलं की घासू नकोस हं. घासलं की किंमत उतरते."

"मी कशाला? पॉटी तुम्हीच तपासा."

"तपासतो की! नाणी हाताळायचे हातमोजे आहेतच माझ्याकडे."