गाईचं विरजण

अरे, माझ्या आत्याची गंमत सांगितली का तुम्हाला? गोराईला तिची एक गाय आहे, चंदी. नातवाच्या बारशाला भात खूप उरला. तो फेकवेना म्हणून आत्याने टोपभर भात चंदीला घातला. दुसऱ्या दिवशी चंदी मान खाली घालून बसली. पोट फुगलेलं, रवंथ बंद, चाऱ्याला तोंड लावेना. आत्या रडायलाच लागली.

डॉक्टर आले. नळीने सोडा पाजला आणि म्हणाले, "मावशी, एवढा भात पोटात आंबला. त्या आंबटपणाने चारा पचवणारे जंतू मेले. आता दुसऱ्या धडधाकट गाईच्या पोटातलं पाणी काढून हिला पाजायचं. दुधाला विरजण लावतो ना, तसं."

दुसरी गाय होती फक्त शेजारच्या मार्थाकडे. आणि कुंपणाच्या भांडणावरून या दोघींचं बोलणं दोन वर्षं बंद! तरी आत्या गेली. मी आणि डॉक्टरही सोबत होतो.

"मार्था, थोडं विरजण देतेस?"

"दह्याचं?"

"नाही गं. तुझ्या गाईच्या पोटातलं."

मार्था दोन पावलं मागे सरली. डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा तिने स्वतः गाय धरून दिली. डॉक्टरांनी नळी घालून बादलीभर पाणी काढलं आणि चंदीला पाजलं. वास असा की मी थेट रस्त्यावर पळालो.

तिसऱ्या दिवशी चंदी रवंथ करायला लागली. सकाळी बघतो तर मार्था आमच्या गोठ्यात उभी. आत्याने खुशीत चहा विचारला.

"चहा घेते. पण मी तुझ्याकडे आलेली नाही हं," मार्था म्हणाली. "माझ्या गाईचे जंतू इथे राहायला आलेत, त्यांना बघायला आलेय. रोज येणार."