बाविसावं मिनिट

संस्कृती : गिरणीमुळंच होतंय आत्या. तू बटण दाबलंस की माझं मशिन गप्प.

केशरआत्या : बारा वर्षं झाली दळतेय, गिरणीनं कुणाचं वाकडं केलं न्हाई. तुझ्या मशिनवरच कावून डोळा ठेवील गं ती?

संस्कृती : चेष्टा नको ना. मोठी मोटार सुरू होताना व्होल्टेज पडतं. हा दिवा मिचकतो की नाही? तसंच तिकडं होतं.

केशरआत्या : मिचकतो, खरंय. लिहिलंस का पण? कधी बंद पडतं ते वहीत लिही म्हणलेते मी.

संस्कृती : लिहिलंय. घे, बघ.

केशरआत्या : तूच वाच. चष्म्यावर पीठ बसलंय.

संस्कृती : सोमवारी दहा चाळीसला बंद. परत लावलं, अकरा दहाला बंद. मग बारा वाजता...

केशरआत्या : अमावस्येचं वाच. लक्ष्मीपूजनाचं.

संस्कृती : त्या दिवशी चार वेळा.

केशरआत्या : अमावस्येला मी गिरणी चालवते का?

संस्कृती : ...न्हाई.

केशरआत्या : मग गिरणीची माफी माग. मोठ्यानं. तिला कमी ऐकू येतं.

संस्कृती : आत्या, दादा तीनच्या गाडीनं पुण्याला चाललाय! साडेबारा झालेत. घरी खोकी शोधतोय तो, मशिनमधली कार्डं भरून न्यायला. म्हणतो, मी पुण्याला गेल्यापासून तुला हे सांभाळता येईना, आता विकून टाकतो.

केशरआत्या : काल भाऊबीजेला ओवाळलंस ना त्याला? काय घातलं ताटात?

संस्कृती : ड्रेस दिला. आन् वरून म्हणाला, मशिन नेतो.

केशरआत्या : चांगली ओवाळणी हाय. बरं, मला एक सांग. सहा महिने झाले माझ्या पत्र्यावरच्या सोलरवर हे घुमतंय. तुझ्या आईला आवाज सोसंना म्हणून मी जागा दिली. पण हे दळतंय काय, ते काही मला कळलं न्हाई.

संस्कृती : आकडे. जगभरातली मशिनं एक आकडा शोधत असतात. ज्याला सापडला त्याला नाणं मिळतं. हातात धरायचं नाणं न्हाई, कॉम्प्युटरमधलं.

केशरआत्या : एवढ्या जगात आपल्या घाटनांदूरला कवा सापडायचा?

संस्कृती : एकट्याला न्हाई सापडत. म्हणून खूप जण मिळून शोधतात. ज्यानं जितकं काम केलं तितका त्याचा वाटा.

केशरआत्या : म्हंजे सावड हाय की. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या.

संस्कृती : तसंच समज. पण मशिन मधेच बंद पडलं तर आपलं काम बुडतं. आन् दसऱ्यापासून रोज बंद पडतंय.

केशरआत्या : मग तू काय काय केलंस?

संस्कृती : वायर बदलली. पीठ उडतं म्हणून वर ओढणी टाकलेली, ती काढली. कार्डांची ताकद कमी केली. सगळं शनिवारीच केलं.

केशरआत्या : ओढणी कुठली? नवी गुलाबी?

संस्कृती : जुनी!

केशरआत्या : तरी म्हणलं, मशिन एवढं लाजतंय कावून. फरक पडला का मग?

संस्कृती : थोडा. आधी बारा मिनिटांत बंद पडायचं, आता बावीस मिनिटांत पडतं.

केशरआत्या : कशानं फरक पडला? वायरीनं, ओढणीनं का ताकदीनं?

संस्कृती : ते... काय माहीत.

केशरआत्या : हे बघ पोरी. ज्वारीचं पीठ जाड निघालं म्हणून मी दगडाला टाकी लावून खाचा पाडल्या, पट्टा आवळला, आन् ज्वारीबी दुसरी घेतली. पीठ सुधारलं. आता शाबासकी कुणाला देऊ?

संस्कृती : कळलं. एका वेळी एकच बदलायचं.

केशरआत्या : जा, नुसती ओढणी टाक परत. किती मिनिटं चालतं बघ. बाकीचं तसंच राहू दे. तवर मी बबिताचं दळण उरकते.

(अर्ध्या तासानं. गिरणी बंद आहे.)

संस्कृती : बावीसच मिनिटं, आत्या. ओढणी असली तरी बावीस. काढून ठेवली बघ.

केशरआत्या : म्हंजे ओढणी सुटली. राहिली वायर आन् ताकद. वायर तापायची का?

संस्कृती : न्हाई. जुनी पण थंडच असायची.

केशरआत्या : मग ताकद. ओझं कमी केलं तर जास्त वेळ चालतं, पण शेवटी बसतंच. माणूस असा कवा बसतो?

संस्कृती : दमल्यावर. तापल्यावर! पण कार्डं थंड आहेत. स्क्रीनवर दिसतं ना, बासष्ट डिग्री.

केशरआत्या : स्क्रीनवर सगळ्यांचं तापणं दिसतं?

संस्कृती : कार्डांचं दिसतं. प्रोसेसरचं दिसतं. आन्... पॉवर सप्लायचं न्हाई दिसत. ही काळी पेटी. सगळ्यांना वीज हीच वाटते.

केशरआत्या : आता कसं! सगळ्यांना वाढणारी बाई जेवली का, ते कुणी विचारत न्हाई. लाव मशिन. आन् त्या पोत्यातला थोडा कापूस आण.

संस्कृती : कापूस कशाला?

केशरआत्या : बोंडाएवढाच घे, आन् पिंजून एकदम पातळ कर. आता एकेका पंख्याच्या मागं धर. हात लांब ठेव, पंख्यात जाऊ देऊ नको. काय करतंय?

संस्कृती : उडतंय. हे पहिलं कार्ड. दुसऱ्याच्या मागं पण उडतंय. आता पेटीच्या मागं... आत्या.

केशरआत्या : काय?

संस्कृती : हलेना. नुसतं लोंबतंय.

केशरआत्या : बंद कर मशिन. पिन काढ.

संस्कृती : बटण बंद केलंय की.

केशरआत्या : पिन काढ म्हणलं. हे माझं बोट बघ. नख न्हाई त्याला. पट्ट्याला हात लावायच्या आधी मीबी नुसतं बटण बंद केलंतं, आन् कुणीतरी ते परत दाबलं. तवापासून आधी पिन.

संस्कृती : काढली. पंखा बोटानं पण फिरंना.

केशरआत्या : पेटी उघडू नको हां. जाळीतूनच बघ. बॅटरी धर.

संस्कृती : काहीतरी गुंडाळलंय. तुझ्या केसातली पिन दे... निघतंय. दोरा हाय. आन् दोऱ्याला काहीतरी वाळलेलं, पिवळं.

केशरआत्या : दाखव.

संस्कृती : झेंडू.

केशरआत्या : थांब, चष्मा पुसू दे.

संस्कृती : आत्या?

केशरआत्या : खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा केली मी. गिरणीला हार, वजनकाट्याला हार. म्हणलं, ह्याला कावून वगळायचं, हेबी राबतंय. मागच्या जाळीलाच बांधलता; सुकून तुटला आन् दोरा आत गेला असंल. लई छान दिसत होतं गं.

संस्कृती : तरी दसऱ्यापासूनच बंद पडायला लागलं!

केशरआत्या : आन् मी तुलाच शिकवतेय, वही कर, एक एक बदल.

संस्कृती : थांब, दादा आला. तू काही बोलू नको.

शिवशंकर : झालं का तुमचं संशोधन? हे बघ, दोन्ही कार्डांची मूळ खोकी सापडली. स्क्रू ड्रायव्हर दे इकडं.

संस्कृती : दादा, सापडलं काय झालंय ते. पॉवर सप्लायचा पंखा अडकला होता. धूळ.

शिवशंकर : धूळ? मी सांगितलं होतं, दर रविवारी साफ करायचं. म्हणजे बेसिक गोष्ट पण तू...

केशरआत्या : धूळ न्हाई रे शिवा. हार होता. माझा.

संस्कृती : आत्या!

केशरआत्या : तुझ्या अंगावर कावून घेतेस? मी बांधला, मी सांगते. पोरीनं साफ केलं, वही लिहिली, बिघाड हुडकला. चूक माझी एकटीची.

शिवशंकर : पॉवर सप्लायला झेंडूचा हार? आत्या, पुण्यात कुणाला सांगितलं तर हसतील.

केशरआत्या : सांग की. पण आधी ते चालतंय का बघू दे. पोरी, लाव पिन. ताकद वाढवू नको.

संस्कृती : एका वेळी एकच. माहितीय.

शिवशंकर : किती वेळ बघायचं? माझी गाडी आहे.

केशरआत्या : तेवीस मिनिटं. चहा ठेवते. तुला साखर कमी ना आता?

शिवशंकर : नको, टाक नेहमीसारखी. आणि तो कापूस कशाला लावलाय मागं?

संस्कृती : पंखा फिरतोय का ते कळतं. बघ, कसा आडवा उडतोय.

शिवशंकर : हे तुला कुणी शिकवलं?

संस्कृती : जिनं हार बांधला तिनं.

शिवशंकर : पुण्यात आम्ही ह्यासाठी सेन्सर विकत घेतो.

केशरआत्या : घ्या, तुमच्याकडं कापूस पिकत न्हाई. किती झाली गं?

संस्कृती : अठरा.

शिवशंकर : मी काही बोलत नाही. चहा पितो.

संस्कृती : वीस... एकवीस...

केशरआत्या : आता मी गिरणी सुरू करते. तिच्यावरबी आळ आलता, तिचीबी परीक्षा होऊ दे.

संस्कृती : आत्या, नको ना! आत्ता नको!

केशरआत्या : झाली सुरू.

शिवशंकर : दिवा मिचकला.

संस्कृती : मशिन?

शिवशंकर : चालू आहे. तेविसावं लागलं, संस्कृती.

संस्कृती : कापूस उडतोय अजून!

शिवशंकर : हा स्क्रू ड्रायव्हर घे. मला काय पुण्यात दुसरा मिळेल. आणि रविवारी वहीतलं पान फोटो काढून पाठवत जा. बघू मी पण.

केशरआत्या : खोकी इकडं दे रे ती.

शिवशंकर : कशाला? रिकामीच नेतो.

केशरआत्या : आत्याच्या घरून रिकामी खोकी नेतोस? चांगली जाड हायेत. एकात चिवडा बसंल.

संस्कृती : आन् दुसऱ्यात?

केशरआत्या : त्यात करंज्या. मोडणार न्हाईत. आत फोम हाय, कार्डांसाठी केलेला.