विश्रांतवाडीचा परदेशी सिनेमा

सन्माननीय अध्यक्ष गोगटेसाहेब, व्यासपीठावरची विद्वान परीक्षक मंडळी, आज निरोप घेणाऱ्या आपल्या चिटणीस मंदाकिनीबाई, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडकीत बसलेल्या रसिकहो,

बाई बावीस वर्षांनी या चित्रपट मंडळातून चालल्यात. मला बोलायला तीन मिनिटं दिलीत. त्यातलं एक आपली नावं घेण्यात गेलं.

बाहेरच्या सिनेमांना जग कसं वागवतं? अमेरिकेत म्हणे बक्षिसाला एका देशाने एकच सिनेमा पाठवायचा. घरटी एक माणूस, चूलबंद आवतण नाही! फ्रान्समध्ये परक्यांचं बक्षीस वेगळं, इंग्लंडात इंग्रजी न बोलणाऱ्यांचा पाट वेगळा. पाहुण्याला लाडू सगळेच वाढतात, कोठीची किल्ली कोण देतं? मी एकदा गोव्याला महोत्सवाला विनातिकीट... राहू द्या, अध्यक्ष घड्याळ बघताहेत.

तर मी सिनेमा केला माझ्या सोजरआत्यावर. याच शहरातल्या विश्रांतवाडीतलं तिचं वावर बिल्डरला गेलं, तेव्हा ती जे जे बोलली, ते. शनिवार पेठेतल्या आपल्या परीक्षकांनी तो पाहिला आणि टाकला परदेशी विभागात! का, तर भाषा कळत नाही, खाली अक्षरं हवीत. वर नियमाप्रमाणे देशाचं शिफारसपत्र मागितलं. आमच्या भैरूमामांनी दूध सोसायटीच्या शिक्क्यानिशी दिलं. चाललं!

एकट्या मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अहो, ती मराठीच बोलतेय. आपण ऐकत नाही." त्यांनी लिहून दिलं, सिनेमा मराठी विभागात घ्या, नाहीतर मी निघते. मंडळाने काय केलं? हा निरोप समारंभ ठेवला.

आणि त्याच सिनेमाला आज उत्कृष्ट परदेशी चित्रपटाची ढाल. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. शाळेत मला हजेरीचंसुद्धा बक्षीस मिळालं नाही. आत्याला विचारलं, घेऊ का? ती म्हणाली, "घी की. पर त्या बाईला कशापायी घालवत्यात? माझं बोलणं कळल्याली ती एकलीच हाय तितं."

आता सांगा, कुठल्या तोंडाने घेऊ?

शालीबद्दल आणि नारळाबद्दल बाईंच्या वतीने आभार. चहाबद्दल माझ्या वतीने. तो परदेशी विभागालाही मिळाला. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर वय लहान म्हणून सोडून द्या. ढाल टेबलावरच राहू दे.

बाई, उठा. खाली रिक्षा थांबवलीय. आत्या आत बसलीय, म्हणाली, बाईंना घेतल्याबिगर येऊ नगंस.