संजयभाऊंनी दार लावलं

जय भीम. शिफ्ट बुडवून, उन्हातान्हाचे एवढे जण मिलिंदच्या शोकसभेला दापोडीला आलात. मला बोलायला जमणार नाही, असं सासूबाईंना म्हणाले होते. पण माझ्या वतीनं सगळेच बोलायला लागलेत, म्हणून उभी राहिले.

मी मिलिंदची बायको. चाकणच्या कंपनीत आग लागली, तेव्हा मिलिंद रंगखोलीत होता. दाराबाहेर संजयभाऊ होते, त्याचे जिवलग मित्र. ते बघा, मागे भिंतीला टेकून बसलेत. भाऊ, उठू नका. बसा.

नियम साधा होता. आतला शेवटचा माणूस बाहेर आल्याशिवाय लोखंडी दार लावायचं नाही. संजयभाऊंनी लावलं. बाहेर ठिणगीनं भडकणारे थिनरचे ड्रम होते, ड्रमांपलीकडे अख्खी शिफ्ट. शिफ्ट वाचली. मिलिंद आत राहिला.

आता कोणी म्हणतं, नियम मोडला, संजयला आत टाका. कोणी म्हणतं, एवढे वाचले ना, एकच गेला. एकच? अहो, माझ्या घरात तो एकच होता!

आगीनंतर संजयभाऊ घरी आले. म्हणाले, “वहिनी, मिलिंदनंच आतून ओरडून सांगितलं, दार लाव म्हणून.” त्या शब्दांवर मी जेवले. झोपले. लेकीला सांगितलं, तुझे बाबा शूर होते.

काल ते परत आले. आत येईनात. “वहिनी, मी खोटं बोललो. तो ओरडत होता, पण काय ते कळलं नाही मला. तुम्ही जगावं म्हणून बोललो.”

खोटं बोलू नये, हाही नियमच ना? त्या खोट्यानं मला घास गिळता आला. मग ते चांगलं होतं का? आणि आता तेही गेलं, तर मी काय करू? मिलिंद ‘लाव’ म्हणत होता, की ‘थांब’ म्हणत होता? सांगा ना कोणीतरी!

उद्या पोलीस चौकीत माझा जबाब आहे. दोन्हीकडचे लोक मला पढवतायत. मी एवढंच सांगणार. संजयभाऊंनी दार लावलं. माणसं वाचली. माझा माणूस आत होता. संजयभाऊंना तुरुंगात घाला, असं मी म्हणणार नाही. पण भाऊ, ‘बरोबर केलंत’ हे शब्द माझ्याकडं मागू नका. ते माझ्या तोंडून निघत नाहीत हो.

आता सगळे उभे राहू या. कोणी मला समजावू नका. थोडा वेळ मिलिंदसाठी नुसतं गप्प राहा.

जय भीम.