पेगीच्या आजोबांच्या घराची चौकशी

तुमच्या स्थळांच्या गप्पांवरून आठवलं बघा. ऐंशी-पंच्याऐंशी सालची गोष्ट. अमेरिकेत आयसेलिनला आमच्या शेजारी पेगी राहायची, तिच्या म्हाताऱ्या वडिलांबरोबर. त्यांचा एकच हट्ट, स्कॉटलंडच्या एका गावात आपल्या वडिलांचं, अँगस सुताराचं घर होतं, ते डोळे मिटायच्या आत बघायचं. पण कुठलं घर? निम्म्या गावाचं आडनाव तेच. पेगीनं तिथल्या चर्चला पत्रं लिहिली, उत्तर नाही.

मी म्हटलं, "पत्रं कसली लिहितेस? गावच्या दुकानात फोन लाव."

लावला. दुकानवाली म्हणाली, "गिऱ्हाईक आहे, नंतर करा."

मी रिसीव्हरच ओढला आणि माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं, "बाई, अँगस सुताराच्या घराण्यात मुलगी द्यायचीय. माणसं कशी आहेत?"

मग काय, गिऱ्हाईक राहिलं बाजूला.

"अमेरिकेला गेला तो अँगस? चर्चच्या मागचं दगडी घर. भावाचा नातू राहतो आता. पण ऐका माझं, मुलगी देऊ नका. हट्टी आहेत सगळे. कुंपणावरून शेजाऱ्यांशी तीन पिढ्या बोलले नाहीत."

पेगीनं घाबरतच वडिलांना सांगितलं. माझ्या मुलानं घातलेलं कुंपण हातभर त्यांच्या हद्दीत आलंय म्हणून म्हातारा वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हता.

"आमचंच घर," म्हातारा म्हणाला. "तिकिटं काढ."

जाऊन, घर बघून आला. मला फोटो दाखवले, चहा पाजला. माझ्या मुलाशी मात्र शेवटपर्यंत बोलला नाही.