दुधाला दूध लागतं!

…न्हाई, तुमीच सांगा, ताटावर बसलेल्या माणसाला कुनी गणित घालतं का? आमची सत्यशीला घालते! बायको हो माझी, अर्थशास्त्रात एम.ए. करतीय, शेवगावला कॉलेजात तोंडी परीक्षा, आन् तालीम कुनावर? माझ्यावर! म्हणते, "अहो, गावाबाहेर एक लिटर दूध जादा धाडायचं, तर काढायचं किती?" म्हनलं, एक लिटर! "चूक! म्हशीला घास लागतो, घास कापायला बायडाबाई येते, तिला चहा लागतो, चहात दूध पडतं. म्हणजे लिटरापेक्षा जास्त!" आली का पंचाईत… दुधाला दूध लागतं हो!

म्हनलं, मंग त्या जादा दुधाला पुन्ना घास? "हो." पुन्ना चहा? "हो." अगं, थांबायचं कुठं? "दर फेरीला थोडं थोडं कमी होतं. मॅट्रिक्स उलटलं की सगळ्या फेऱ्यांची बेरीज एकदम येते!" मॅट्रिक्स म्हंजे आकड्यांची चौकट, ती उलटते म्हणे! तुमाला सांगतो, आमच्याकडं उसाची ट्रॉली उलटते, एवढंच म्हाईत हुतं…

पन डोक्यात बसलं बघा. दुपारी रेडकावर लक्ष ठेवायला लिंबाखाली बाजेवर टेकलो आन् दिसायलाच लागलं… दूध चहात उतरतंय, चहा बायडाबाईच्या मनगटात, मनगटातून इळ्यात, घास म्हशीत, म्हशीतून पुन्ना पांढरी धार, जरा बारीक, आनखी बारीक, पार धुक्यागत… लई ग्वाड वाटत हुतं… दुधाला दूध लागतं… डोळं उघडलं तर रेडकू सुटून सगळं दूध पिऊन मोकळं! सत्यशीला म्हनली, "ही गळती माझ्या मॅट्रिक्समध्ये नव्हती."

परीक्षेला मीच नेली गाडीवर. ती आत, मी दाराशी. सरांचा घोगरा आवाज, "हे मॅट्रिक्स उलटायचं कशासाठी, बाई?" ही आपली "म्हणजे… म्हणजे…" वरच अडकली! वरीसभर राबलीय हो पोरगी! ऱ्हावलं न्हाई, फटीतून वरडलो, "दुधाला दूध लागतं, सायेब!" "कोण आहे ते?" ही हसली, "सर, ते… उदाहरण आहे." आन् सुटली की गाडी! घास, चहा, फेऱ्या, समदं धडाधडा सांगितलं.

पयला वर्ग मिळाला! पेढे घेऊन येताना लाडात इचारलं, "त्या चौकटीत म्हैस हाय, घास हाय, मंग मी कुठं गं?"

"तुम्ही चौकटीबाहेर. अंतिम मागणीच्या रकान्यात."

काय भारी नाव! म्हनलं, म्हंजे?

"जे पिकवत काहीच नाहीत, नुसतं घेतात, ते."

…आता चूक तरी कसं म्हनायचं? परीक्षेत ह्याच गणिताला मार्क मिळालेत तिला!